चौकोनांतून चाल बांधताना : ‘साँग मेकर’चे एका शिक्षकाने केलेले परीक्षण

ज्या मुलांना स्वरलिपी वाचता येत नाही, ज्यांनी एकही वाद्य हातात धरलेले नाही आणि जी गाताना लाजतात, त्यांना रचना कशी शिकवायची, हा प्रश्न संगीताच्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी पडतो आणि पुढे बरीच वर्षे सुटत नाही. गाणे शिकवता येते, कारण ते कानाने उचलता येते. ताल शिकवता येतो, कारण हात टाळी देऊ शकतो. पण ‘आता स्वतःची चाल बांधा’ असे म्हटले की वर्ग अवघडून गप्प होतो. चाल बांधायची तर ती कुठेतरी धरून ठेवावी लागते, मागे जाऊन पुन्हा तपासावी लागते, आणि नवशिक्याच्या स्मरणात ती तेवढा वेळ टिकत नाही. दुसरी ओळ सुचेपर्यंत पहिली हातून निसटलेली असते.

गूगलच्या क्रोम म्युझिक लॅब या संचातले ‘साँग मेकर’ हे धरून ठेवण्याचे काम करते. ११ ते १३ वर्षांच्या मुलांच्या दोन तुकड्यांना, प्रत्येकी ४० मिनिटांच्या ८ तासिकांत, मी ते वापरून रचना शिकवली आणि त्यावरून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार-पाच तासिकांसाठी याच्याइतके सुटसुटीत साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्यानंतर ते बाजूला ठेवण्याची तयारी शिक्षकाने केलेली नसेल, तर मुले चाल बांधायची सोडून नक्षी काढत बसतात.

क्रोम म्युझिक लॅब २०१६ मध्ये आले आणि साँग मेकर त्यात २०१८ मध्ये दाखल झाले. ते ब्राउझरमध्ये उघडते, फोनवरही चालते, विनामूल्य आहे आणि खाते उघडावे लागत नाही. पडद्यावर चौकोनांची एक जाळी दिसते. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो आणि खालून वर स्वर चढतो. रिकाम्या खान्यावर बोट ठेवले की तो रंगाने भरतो आणि त्याच क्षणी त्याचा स्वर वाजतो; पुन्हा बोट ठेवले की खाना रिकामा. उघडताना ४ आवर्तने, प्रत्येक आवर्तनात ४ मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे २ भाग अशी मांडणी असते, म्हणजे उभ्या रांगा ३२. लय मिनिटाला १२० मात्रांची असल्यामुळे सबंध चाल ८ सेकंदांत संपते. प्रत्येक स्वराला ठरलेला रंग आहे आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर त्याच रंगात येतो. ‘तार सा आणि मध्य सा एकच, पण वेगळे’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे उच्चारत आलो. इथे दोन लाल चौकोन एकाखाली एक पाहून मुलांनी ते मलाच समजावून सांगितले.

मांडणी बदलण्याची मुभा पुरेशी आहे. चाल १६ आवर्तनांपर्यंत लांबवता येते, आवर्तनातल्या मात्रा कमी-जास्त करता येतात, पल्ला १ ते ३ सप्तकांचा ठेवता येतो. स्वरांच्या तीन मांडण्या मिळतात : सात स्वरांची मेजर, पाच स्वरांची पेंटॅटॉनिक आणि बाराही स्वरांची क्रोमॅटिक. मरिंबा, पियानो, तंतुवाद्ये, सुषिर वाद्ये आणि सिंथ अशा पाच ध्वनींतून एक निवडायचा. जाळीच्या तळाशी ठेक्यासाठी दोन ओळी वेगळ्या आहेत. एवढेच. मेन्यूत मेन्यू उघडत नाहीत, आणि वर्गात हा फार मोठा गुण ठरतो, कारण पहिल्या तासिकेतली ४० मिनिटे साधन शिकण्यातच गेली असे इथे होत नाही. माझ्या वर्गात पहिला स्वर वाजायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

काळ आडवा आणि स्वर उभा, ही कल्पना जुनीच आहे. आपोआप वाजणाऱ्या पियानोंच्या छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांत ती होती आणि त्यांचे ‘पियानो रोल’ हे नाव आजच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच राहिले आहे. संगीतकार आणि वास्तुविशारद असलेल्या यानिस झेनाकिस यांनी पॅरिसमध्ये १९७७ साली ‘यूपिक’ ही यंत्रणा उभी केली. तिच्यात मोठ्या फलकावर विद्युत लेखणीने रेषा काढायची आणि यंत्राने ती ध्वनीत उतरवायची, असा प्रकार होता; मुलांनाही तिच्यावर रेषा काढायला दिल्या जात. झेनाकिस यांच्या फलकावरची वळलेली रेषा स्वरातही वळत असे, एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत घसरत जात असे. साँग मेकरच्या जाळीत वळण नाही, पायऱ्याच आहेत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या तासिकेत मी काहीच शिकवले नाही; खेळू दिले. दहा मिनिटांत पडद्यांवर हसरे चेहरे, घरे, अक्षरे आणि एक चांगल्यापैकी मासा उमटला. एका मुलाने बदाम काढला होता. फार नेटका, दोन्ही बाजूंनी बरोबर सारखा. तो वाजवला तेव्हा त्याचा चेहरा पडला. बदामाच्या मधल्या खाचेपाशी आणि कडांवर दोन-दोन, तीन-तीन खाने एकाखाली एक आले होते. ते एकदम वाजून गोंगाट झाला, आणि खालचे टोक तर एकाच क्षणात येऊन गेले. “सर, हे दिसतंय बदामासारखं, पण वाजतंय भांडी पडल्यासारखं,” असे तो म्हणाला. सगळ्या आठ तासिकांचा विषय त्या एका वाक्यात आला, असे मला तेव्हाच वाटले. डोळा चित्र एकाच वेळी पाहतो. कानाला ते उभ्या फटीतून, एकेक रांग करत, एकाच दिशेने मिळते आणि मागे वळून पाहण्याची सोय नसते. बदामाचा डावा-उजवा सारखेपणा कानाला कळायचा असेल, तर पहिला अर्धा भाग लक्षात ठेवून दुसरा उलटा ऐकावा लागेल, आणि ते कसलेल्या माणसालाही जड जाते.

मी त्याला बदाम पुसायला लावला नाही. प्रत्येक उभ्या रांगेत एकच खाना ठेवून बाकीचे काढायला सांगितले. बदामाची वरची कड तेवढी उरली : चढण, छोटा उतार, पुन्हा चढण आणि मग लांब उतार. ती गुणगुणता येत होती. दुसऱ्या दिवशी तो ती गुणगुणत वर्गात आला.

या साधनाची खरी कमाई तिसऱ्या तासिकेला झाली आणि तीही अशा ठिकाणी, जिथे त्याचे चित्र चक्क फसवते. मी सगळ्यांना तीन खान्यांचा जिना काढायला सांगितला : सा, रे, ग. मग तोच जिना थोडी जागा सोडून एक ओळ वर काढायचा : रे, ग, म. रचनेच्या अभ्यासात हा पहिला धडा असतो. एक छोटा स्वरसमूह घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या उंचीवरून म्हणायचा. स्वरलिपीत हे समजावायला मला पूर्वी अर्धा तास लागत असे. इथे ते उघड दिसत होते : आकार तोच, जागा बदलली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र जिना तीन-चार वेळा वाजवला आणि विचारले, “दुसरा जिना तोंड पाडून का चढतोय?”

तिचा कान अचूक होता. सप्तकातल्या बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर. सा ते ग हे अंतर ४ अर्धस्वरांचे आहे. रे ते म हे ३ अर्धस्वरांचे. पडद्यावर दोन्ही जिने हुबेहूब सारखे दिसतात, कारण मेजर मांडणीत प्रत्येक ओळीची उंची सारखीच काढलेली आहे. ध्वनीत मात्र ओळी सारख्या अंतरावर नाहीत. सा ते रे जाताना कंपनसंख्या साधारण १.१२ पटीने वाढते, रे ते ग जातानाही तेवढीच. ग ते म जाताना ती सुमारे १.०६ पटीनेच वाढते. नि ते तार सा हेही तसेच अर्धे पाऊल. म्हणजे जिन्याच्या काही पायऱ्या पूर्ण उंचीच्या आहेत, दोन पायऱ्या अर्ध्या, आणि चित्रात त्या सगळ्या एकाच मापाच्या दाखवल्या आहेत.

मग मी सगळ्यांना क्रोमॅटिक मांडणी घेऊन तेच दोन जिने पुन्हा काढायला लावले. आता पडद्यावर बाराही स्वरांच्या ओळी होत्या. सा आणि रे यांच्यामध्ये एक ओळ रिकामी पडली, रे आणि ग यांच्यामध्ये एक पडली; ग आणि म मात्र एकमेकांना चिकटून बसले. दुसरा जिना वरच्या टोकाला बुटका झाला होता, आणि तो ‘तोंड पाडून’ का चढतो, हे आता डोळ्यांनाही दिसत होते. मग पहिल्या जिन्याची प्रत जशीच्या तशी वर सरकवायची म्हटली, तर ‘म’च्या जागी तीव्र म घ्यावा लागतो, हे त्यांनी स्वतःच शोधले आणि तो वाजवल्यावर “हा परका वाटतोय” असेही सांगितले. स्वरांतरे, मेजर (४ अर्धस्वरांचे) आणि मायनर (३ अर्धस्वरांचे) अंतर यांतला फरक, एका सप्तकातली असमान वाटणी, एवढा मजकूर ४० मिनिटांत, मुलांच्याच प्रश्नातून निघाला. केवळ या एका तासिकेसाठी मी हे साधन पुन्हा वापरेन. पण हेही नोंदवले पाहिजे की त्या मुलीने विचारले नसते, तर सारख्या दिसणाऱ्या गोष्टी सारख्याच असतात असे समजून वर्ग पुढे गेला असता. साधन स्वतः होऊन काही सांगत नाही.

पेंटॅटॉनिक मांडणीविषयी माझे मत थोडे कडक आहे. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर असल्यामुळे तिच्यात अर्धस्वराचे अंतर कुठेच येत नाही, आणि म्हणून कोणतेही दोन खाने एकत्र वाजवले तरी कानाला टोचत नाही. भूप शिकलेल्या कुणालाही हे पाच स्वर ओळखीचे वाटतील. पण भूप होण्यासाठी स्वरांखेरीज जे लागते, ते या जाळीत नाही. नवशिक्याचा धीर वाढवायला ही मांडणी उत्तम आहे. अडचण अशी की जिथे काहीच वाईट वाजत नाही, तिथे निवड करण्याची गरजही उरत नाही. मुले आनंदाने खाने भरत जातात, सगळे गोड लागते, आणि ‘हा स्वर इथे का?’ या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसते. मी ही मांडणी एका तासिकेपुरती ठेवली आणि पुढच्या तासिकेपासून सात स्वरांवर आलो. त्या दिवशी थोडी कुरकुर झाली.

रिकाम्या जागेचा धडा मी ठरवून घेतला होता, तरी तो माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ चालला. रिकामा खाना डोळ्याला राहून गेल्यासारखा वाटतो. म्हणून मुले तो भरतात. चौथ्या तासिकेला जवळजवळ प्रत्येकाच्या जाळीत ३२ पैकी ३२ रांगा भरलेल्या होत्या, आणि वर्गभर शिवणयंत्रे चालू असावीत तसा आवाज येत होता. मी प्रत्येकाला ८ खाने पुसायला सांगितले. कुठले, ते त्याने ठरवायचे. बहुतेकांनी दर चौथा खाना पुसला, कारण तसे चित्र नीट दिसते. एका मुलाने शेवटच्या स्वराआधीचे तीन खाने सलग पुसले. चाल तिथे थबकली, वर्गातले दोघे-तिघे मान वर करून पाहू लागले, आणि मग तो शेवटचा सा आला. मी काही बोलण्याच्या आत शेजारच्याने स्वतःच्या चालीतले तेच तीन खाने पुसून पाहिले. त्याचा परिणाम तसा झाला नाही, कारण त्याची चाल तिथे आधीच सा वर येऊन बसली होती. थांबल्यावर वाट पाहावी असे काही उरलेच नव्हते. हे त्याला कळायला दहा मिनिटे लागली आणि ती दहा मिनिटे मी मध्ये पडलो नाही.

आता उणिवा. त्यातली पहिली म्हणजे आवाजाचा जोर. सगळे स्वर एकाच जोराने वाजतात. एखादा स्वर ठासून आणि दुसरा हळू, असे करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना आणि संगणकांना जोडणाऱ्या मिडी या १९८३ पासून वापरात असलेल्या मानकात जोरासाठी ० ते १२७ इतक्या पायऱ्या राखून ठेवलेल्या आहेत. या जाळीत त्यांतली एकही हाताशी येत नाही. पण उणिवेचाही वर्गात उपयोग होतो. ‘जोर न वाढवता हा स्वर उठून कसा दिसेल?’ असे विचारल्यावर मुलांनी तीन मार्ग काढले : त्याच्या खाली त्याच रंगाचा खालच्या सप्तकातला स्वर जोडायचा, त्या रांगेत ठेक्याचा टोला ठेवायचा, किंवा त्याच्या आधीची रांग रिकामी सोडायची. वाद्यवृंदासाठी लिहिणारी माणसे यापेक्षा फार वेगळे करतात असे नाही.

दुसरी उणीव मला अधिक खटकते. एका खान्याला एक टोला, असा इथला हिशेब आहे. स्वर धरून ठेवता येत नाही. शेजारचे दोन खाने भरले तर लांब स्वर होत नाही, तोच स्वर दोनदा वाजतो. मरिंबा किंवा पियानो निवडला की हे फारसे जाणवत नाही, कारण ती वाद्ये मुळात टोला देऊन सोडून देणारीच आहेत. पण श्वासाने किंवा गजाने लांबवलेल्या स्वरावर उभ्या राहणाऱ्या चाली इथे बांधताच येत नाहीत. परिणामी दोन्ही तुकड्यांच्या चाली एकाच वळणाच्या झाल्या : टप टप पडणाऱ्या, चपळ आणि थोड्या अधीर. संथ चाल हवी म्हणून लय ६० वर आणली, तर चाल संथ होण्याऐवजी विरळ होते. मींड, आंदोलन, दोन स्वरांमधली घसरण यांचा तर प्रश्नच नाही. वर म्हटलेल्या पायऱ्यांची किंमत इथे चुकवावी लागते. गळ्यातून सहज निघणारी अर्ध्याहून अधिक वळणे या जाळीच्या फटींतून गळून जातात. एका मुलीने घरी सुचलेली चाल जाळीत उतरवायचा तासभर प्रयत्न केला आणि शेवटी “ही इथे मावत नाही” म्हणून सोडून दिली. मी तिला ती कागदावर रेषेने काढायला दिली आणि तिचा तो कागद पुढच्या सगळ्या तासिकांत भिंतीवर राहिला.

स्वरांसाठी एका वेळी एकच ध्वनी निवडता येतो, त्यामुळे दोन वाद्यांचा संवाद रचता येत नाही; ठेक्याच्या दोनच ओळी असल्याने तालाचे काम लवकर आटोपते. या गोष्टी मला तितक्या गंभीर वाटत नाहीत. प्रश्नोत्तर शिकवताना मी वरच्या सप्तकाला प्रश्न आणि खालच्या सप्तकाला उत्तर अशी वाटणी केली आणि काम भागले.

वाजवायचे बटण दाबले की चाल संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऐकून दुरुस्त करायला हे सोयीचे आहे, पण त्यामुळे मुलांना शेवट करण्याची सवय लागत नाही. शेवटच्या खान्याला लागून पहिला खाना असतो, त्यामुळे अधांतरी सुटलेली चालही खटकत नाही. ती गोल फिरत राहते. सहाव्या तासिकेला मी प्रत्येकाला आपली चाल सर्वांसमोर एकदाच वाजवून थांबवायला सांगितले, तेव्हा २० पेक्षा जास्त चाली दाराच्या उंबरठ्यावर एक पाय उचलून उभ्या राहिल्या. शेवट म्हणजे काय, यावरची सगळ्यात चांगली चर्चा त्या दिवशी झाली. कुणी म्हणाले सा वर यायला हवे, कुणी म्हणाले सा वर आले तरी घाईने आले तर संपल्यासारखे वाटत नाही. दोन्ही बरोबर होते. त्यानंतर मी शेवटचे एक आवर्तन मोकळे ठेवण्याचा नियम केला, म्हणजे फेरा पुन्हा सुरू होण्याआधी चालीला संपायला जागा मिळते.

तुलनेसाठी इतर साधनांबद्दल थोडे. एमआयटी मीडिया लॅबमध्ये टॉड मॅकओव्हर यांच्या गटाने, त्यातही मेरी फारबूड यांच्या कामातून घडवलेले ‘हायपरस्कोअर’ हे रचना शिकवण्याच्या दृष्टीने मला अधिक विचारपूर्वक केलेले वाटते. त्यात आधी छोटे स्वरसमूह बांधायचे, प्रत्येकाला एक रंग द्यायचा आणि मग मोठ्या फलकावर त्या त्या रंगाच्या रेषा ओढायच्या. रेषा जिथून जाते तिथे तो स्वरसमूह वाजत जातो. म्हणजे वीट आणि भिंत या दोन पातळ्या वेगळ्या दिसतात. सुरावटीतला ताण वाढवण्यासाठी वाकवता येणारी एक वेगळी रेषाही त्यात आहे. ‘टॉय सिम्फनी’ या प्रकल्पात २००२ मध्ये मुलांनी त्यावर केलेल्या रचना वाद्यवृंदांनी वाजवल्या. साँग मेकरमध्ये भिंत नाहीच, फक्त विटा आहेत; १६ आवर्तनांपलीकडे जाता येत नसल्यामुळे मोठ्या रचनेचा आराखडा शिकवता येत नाही. उलट हायपरस्कोअरमध्ये पहिला आवाज निघेपर्यंत बरेच समजून घ्यावे लागते, आणि लाजणाऱ्या मुलाला तेवढा धीर नसतो.

ठोकळे जोडून मुलांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या स्क्रॅचमध्येही संगीताचे ठोकळे आहेत. २१ वाद्ये आणि १८ तालध्वनी मिळतात. तिथे पुनरावृत्ती ही गोष्ट फार स्वच्छ कळते, कारण ‘हे चार वेळा कर’ असा ठोकळाच असतो. मात्र तिथे चालीचा आकार डोळ्यांना दिसत नाही आणि संगीताच्या तासिकेचा बघता बघता संगणकाचा तास होतो. ज्यांना दोन्ही शिकवायचे आहे त्यांनी तो जरूर वापरावा.

स्वरलिपीकडे जाण्याचा पूल मात्र साँग मेकरमध्ये बरा आहे. तयार चाल मिडी धारिका म्हणून उतरवून घेता येते आणि म्युझस्कोअरसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ती पाच रेषांवर लिहिलेली दिसते. सातव्या तासिकेला मी हे केले. आपणच भरलेले चौकोन गोल ठिपके होऊन रेषांवर बसलेले पाहून मुलांना गंमत वाटली, आणि जे चार-पाच जण पुढे पियानो किंवा गिटार शिकणार होते, त्यांना स्वरलिपीची भीती उरली नाही. बाकीच्यांना मी तिथे अडकवून ठेवले नाही.

व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी. खाते नसल्यामुळे काम जतन केले की एक दुवा मिळतो आणि तो जपून ठेवणे आपल्यावर असते. दुसऱ्या तासिकेला घंटा झाल्यावर मी ‘जतन करा’ म्हणायला विसरलो आणि सहा जणांच्या चाली गेल्या. चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर फळ्याच्या कोपऱ्यात तशी सूचना कायमची लिहिली आणि दुवे चिकटवण्यासाठी वर्गाची एक सामायिक यादी केली. हेडफोन हवेतच, त्यांच्याशिवाय तीस चाली एकदम ऐकणे कुणालाही सोसणार नाही, आणि आपली चाल ऐकूच न आल्यामुळे मुले पुन्हा नक्षीकडे वळतात. माइकमध्ये गायलेला स्वर जवळच्या खान्यात बसवण्याची सोय आहे. ती भरल्या वर्गात चालण्यासारखी नाही, पण एकट्याने शांत खोलीत केले तर स्वर ओळखण्याचा चांगला सराव होतो.

मूल्यमापनाचा प्रश्न मला शेवटपर्यंत छळत होता, कारण या जाळीत काहीही भरले तरी काहीतरी वाजतेच आणि तेही टापटीप. दुसऱ्या तुकडीला मी एकच कसोटी लावली : आठव्या तासिकेला पडदा बंद करून आपली चाल गुणगुणून दाखवायची, सूर थोडा हलला तरी चालेल. ज्यांनी कानाने बांधली होती त्यांनी ती लगेच म्हटली. ज्यांनी डोळ्याने बांधली होती ते “एकदा बघू का?” म्हणू लागले. बघायला मी नाही म्हटले नाही. एकदा ऐकायची, मग गुणगुणायची, आणि जो भाग गळ्यात येत नाही तो जाळीत बदलायचा. बदामवाल्या मुलाच्या चालीत अखेरपर्यंत चार बदल झाले, आणि पाचवा त्याने संपल्यावर घरून करून पाठवला.

पुढच्या तुकडीसाठी मी एक गोष्ट उलटी करणार आहे. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडायचेच नाहीत. प्रत्येकाने चार मात्रांची एक ओळ गुणगुणायची आणि शेजाऱ्याने ती बोटाने हवेत काढायची. जाळी दुसऱ्या दिवशी.